तलावाचं पाणी हिरवं झालंय, पोरांना पोहायला सोडावं का?

रेगडमाती · ६ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. गावापासून दीड किलोमीटरवर लहान धरण आहे, गावात सगळे त्याला नुसतं 'तलाव' म्हणतात. नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न एकाच तलावाचा नाही, आणि कुणाला दोष द्यायला धागा काढलेला नाही. मला खरंच माहिती हवी आहे.

गेल्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास भाच्याला घेऊन तलावावर गेलो. वय नऊ, सुट्टीत नाशिकहून आलाय. पाठीला डबा बांधून त्याला पोहायला शिकवत होतो, सोबत गल्लीतली दोन पोरं. ऊन असं की पिचिंगच्या, म्हणजे धरणाच्या भिंतीला लावलेल्या, दगडावर हात ठेवता येत नव्हता. पाणी हिरवट होतं, ते दर उन्हाळ्यात होतंच. पण आम्ही उतरलो त्या कोपऱ्यात वाऱ्याने सगळं ढकलून आणलं होतं. पोपटी ऑइलपेंटचा डबा कुणी पाण्यावर उपडा करावा तसा थर, काठाला दोन बोटं जाड. पोरांना मजा वाटली. ओंजळीत घेऊन एकमेकांच्या तोंडावर उडवत होती. मी समोर उभा होतो आणि काही बोललो नाही, हे आता मला टोचतंय.

घरी येऊन त्याचं पांढरं बनियन दोरीवर टाकलं. संध्याकाळी बघतो तर पोपटी डाग निळा झालेला, थेट मोरचुदाचा रंग. रात्री भाच्याला दोन उलट्या झाल्या, पोटात कळा. सकाळी चड्डीच्या इलॅस्टिकखाली आणि काखेत लाल पुरळ. शेजारच्या पोराचंही तेच. तिसरा पोऱ्या काठावरच बसला होता, त्याला काही नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत दोघं बरे झाले. संबंधित कार्यालयात जाऊन सांगितलं, तर 'शेवाळ आहे, पाऊस पडला की जाईल' एवढंच उत्तर मिळालं.

मी याच पाण्यात पोहायला शिकलो. माझे वडीलही. मग आता काय बदललं? हे नेमकं काय आहे, ओळखायचं कसं, आणि पोरांना सोडायचं की नाही? घरात बहीण रोज विचारते आणि मला उत्तर देता येत नाही.

आप्पा_चोपडेकर · ६ मे, रात्री १०.२०

पोराला बरं वाटलं हे चांगलं झालं. पण पानीले नावं ठेवू नका रे भो. आम्ही विहिरीत, तलावात, तापीत पोहलो. म्हशीच्या शेपटीला धरून पोहलो. आमच्या वेळीही शेवाळ होतंच. उन्हाळ्यात पोरांना पाण्यापासून तोडलं तर ती मोबाईल घेऊन बसतील. बाहेरचं काही खाल्लं असेल, बर्फाचा गोळा वगैरे. विचारून बघ.

जुनी_परखनळी · ७ मे, सकाळी ७.१५

रेगडमाती भाऊ, पोरं बरी आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. मी नोकरीची सगळी वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या बनियनवरचा निळा डाग वाचला आणि रात्रीच उत्तर लिहायला घेतलं होतं.

ज्याला आपण शेवाळ म्हणतो त्यातलं बरंचसं खरंच निरुपद्रवी शेवाळ असतं. दगडाला चिकटलेलं, केसांसारखं लांब. तुम्ही पाहिलं ते वेगळं. ते जिवाणू आहेत. मराठी पुस्तकांत नील-हरित शैवाल म्हणतात, शास्त्रीय नाव सायनोबॅक्टेरिया. आपल्याकडच्या तलावांत मायक्रोसिस्टिस नावाची जात नेहमी भेटते. तिच्या पेशींत हवेच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, त्यांच्या बळावर ती वरखाली होते. रात्री वारा पडला की सगळी वर तरंगते, मग जो काय वारा सुटेल तो तिला एका काठाला नेऊन लावतो. म्हणून एकाच तलावात, एकाच वेळी, या काठाला पाणी बरं आणि त्या काठाला पेंटाचा थर असं होतं. पेशी मरून फुटल्या की फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य बाहेर येतं. तुमच्या बनियनवर तेच उतरलं.

यातल्या काही जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिन हे त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं, ते यकृतावर जातं. प्रत्येक हिरवा थर विषारी असतोच असं नाही, पण डोळ्यांनी बघून विषारी की बिनविषारी हे जगातल्या कुणालाच सांगता येत नाही. तोंडावाटे पाणी गेलं तर उलट्या, जुलाब, पोटात कळा. अंगाला लागलं तर पुरळ, डोळे चुरचुरणं. पुरळ कपड्याखाली जास्त उठतं, कारण तिथे थर अडकतो आणि घासला जातो. तुम्ही लिहिलेली इलॅस्टिकची रेषा अगदी तशीच आहे. लहान मुलं जास्त पाणी गिळतात आणि वजन कमी, म्हणून त्यांना आधी लागतं. अर्थात उलट्या सांडपाण्यातल्या जंतूंनीही होतात, त्यामुळे शंभर टक्के हेच, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण आप्पा, जे दोघे पाण्यात होते ते आजारी पडले आणि काठावरचा नाही, हे बर्फाच्या गोळ्याशी जुळत नाही.

ही गोष्ट नवीन नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं पाणी पिऊन जनावरं मेल्याचं 'नेचर' नियतकालिकात लिहिलं, आणि पाण्यावरच्या थराला त्यांनीही हिरव्या ऑइलपेंटचीच उपमा दिली होती. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून हे विष रक्तात गेलं आणि ५० पेक्षा जास्त रुग्ण दगावले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे ५ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, कारण एरी सरोवरावर हाच थर आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मर्यादा दिल्या आहेत. रोज आयुष्यभर पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन, पोहण्याच्या पाण्यात २४. दाट थरात हा आकडा हजारांतही जाऊ शकतो. आणि एक गोष्ट सगळ्यांनी घरी सांगा: पाणी उकळल्याने हे विष जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात मोकळं होतं.

रेगडमाती · ७ मे, सकाळी ८.०५

सर, मनापासून आभार. घरच्या घरी ओळखायची काही पद्धत आहे का?

जुनी_परखनळी · ७ मे, सकाळी ८.५०

दोन आहेत. एक काठी थरात बुडवून वर काढा. काठीला हिरवे केस, रेशमाचे धागे लोंबत आले तर साधं शेवाळ. काठी रंगात बुचकळल्यासारखी आली तर नील-हरित. दुसरी पद्धत बरणीची. हातात रबरी मोजे घालून काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवं खाली बसलं तर साधं शेवाळ असण्याची शक्यता जास्त, वर साय धरली तर नील-हरित. या चाचण्या जात सांगतात, विष सांगत नाहीत.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती कुठल्याही सामानाशिवाय करता येते. गुडघाभर पाण्यात हळूच उतरा, गाळ न ढवळता. आपले पाय दिसतात का बघा. हिरवेपणामुळे पाय दिसत नसतील तर मुलांना उतरवू नका. थर दिसत असेल तर तुम्हीही उतरू नका.

पाटाचं_पाणी · ७ मे, सकाळी ९.३०

पाय दिसण्याचं म्हणता, पण आपल्या काळ्या मातीच्या तलावात पावसाळ्यात पाणी चहासारखं असतं. तेव्हा पाय कधीच दिसत नाहीत. मग पोहायचंच नाही का?

सूर_मारणारी · ७ मे, दुपारी १.१०

याचं उत्तर मी देते. मी धुळ्याची. पंधरा वर्षं मुलींना पोहायला शिकवते, तरणतलावात आणि त्याआधी विहिरीत. पाणी हिरवं असो की चहासारखं, पाय दिसत नसतील तर मी पोरगी उतरवत नाही. विषाचं मला इथे वाचून कळलं. माझं कारण वेगळं आहे. गढूळ पाण्यात बुडालेलं माणूस सापडत नाही.

लोकांना वाटतं बुडणारा ओरडतो, हात मारतो. नाही मारत. तोंड पाण्याच्या पातळीला येतं, मान मागे जाते, हात पाण्याखाली दाबत राहतो आणि आवाज निघत नाही. मिनिटभरात माणूस खाली जातो. तरणतलावात तो तळाशी दिसतो, मी सूर मारून आणते. हिरव्या पाण्यात दोन हातांवरचं दिसत नाही. दहा जण पोहत असतात आणि अकरावा कुठे गेला हे कुणाला कळत नाही. मी एकदा अशा शोधात उतरले होते. हातांनी चाचपत होते, बोटांना नुसता चिखल लागत होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

धरण म्हणजे विहीर नव्हे, हेही घरात सांगायला हवं. विहिरीत कठडा चार हातांवर असतो. धरणात समोरचा काठ जवळ वाटतो आणि निम्म्यात दम जातो. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि पुरुषभर खाली एकदम गार लागतं, सूर मारला की छाती आवळते. पिचिंगच्या दगडावर हिरवं धरलेलं असतं, वर यायला पकड मिळत नाही. आणि कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं असेल तर विमोचकाच्या, म्हणजे कालव्यात पाणी सोडणाऱ्या दाराच्या, विहिरीजवळ कुणीही जाऊ नये. वरून पाणी शांत दिसतं, ओढ खाली असते.

डब्याबद्दलही बोलते. डबा, भोपळा, ट्रॅक्टरची ट्यूब यावर आपण सगळे शिकलो. विहिरीत वर दोर धरून बाप उभा असायचा, म्हणून ते चालायचं. तलावात डबा सुटला तर पोर पोहणारं नसतंच. लाइफ जॅकेट घ्या.

तराफेवाला · ७ मे, रात्री ९.००

मी तलावात मासे धरतो. आमच्या सोसायटीकडे ठेका आहे. ताईंनी सगळं बरोबर लिहिलं, एक राहिलं. खड्डे.

दर उन्हाळ्यात तलावातून गाळ काढतात. चांगलं काम आहे, शेताला सोन्यासारखा गाळ मिळतो. पण पोकलेन जिथे मऊ लागेल तिथे खोल जातं. उभ्या कडेचे खड्डे राहतात, दोन दोन पुरुष खोल. पाऊस आला की वरून सगळं सारखं. मागच्या वर्षी ज्या जागी गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा माणूस बुडेल एवढं आहे, आणि कडेची काळी माती ओली झाली की पायाखालून सरकते. जुना पोहणारा मागच्या वर्षीच्या अंदाजाने चालत जातो. गावातल्या माणसाला वाटतं तलाव आपल्या ओळखीचा आहे. तो दरवर्षी नवीन असतो, भाऊ.

आणि माशांचं सांगतो. पाणी फार हिरवं झालं की पहाटे चार ते सहा मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. आधी कटला येतो, मग रोहू. चिलापी शेवटपर्यंत टिकते. ढगाळ दिवसानंतरची पहाट सगळ्यात वाईट. असं दिसलं की आम्ही समजतो पाण्यातला दम गेला. त्या आठवड्यात आम्ही पोरांना पाण्यात येऊ देत नाही.

जुनी_परखनळी · ८ मे, सकाळी ६.४०

तराफेवाले भाऊ, तुमचं हे निरीक्षण कुठल्याही यंत्राच्या तोडीचं आहे. दिवसा हे हिरवे जीव उन्हात ऑक्सिजन सोडतात, रात्री स्वतःच तो वापरतात. पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्नानाच्या निकषात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा. गंमत अशी की दुपारी तीनला नमुना घेतला तर हाच तलाव उत्तम ठरतो. नमुना किती वाजता घेतला, हे अहवालावर आधी बघा.

त्याच निकषात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर कधीच नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे एच-टू-एस चाचणीच्या बाटल्या मिळतात. पाणी काळं पडलं तर विष्ठेची घाण आहे असं समजायचं. उघड्या तलावाची बाटली बहुतेक काळी पडणारच, त्यामुळे ती एक बाटली सगळं ठरवत नाही. पण कोणत्या काठाची लवकर काळी पडते, हे नाल्याचं तोंड कुठे आहे ते दाखवते.

केळीबाग · ८ मे, सकाळी ११.२५

रावेर भागातला केळी उत्पादक. हा धागा वाचताना शेवटी बोट आमच्याकडे येणार हे कळत होतं, म्हणून मीच आधी लिहितो. हिरवं पाणी म्हणजे पाण्याला खत पडलंय. खत कुणी टाकलं? आम्ही. दहा सव्वीस सव्वीस, डीएपी, युरिया, ठिबकातून बारा एकसष्ट. केळी खादाड पीक आहे, घड भरायला खत लागतंच. पण सल्ल्यापेक्षा जास्त टाकणारे माझ्या ओळखीत खूप आहेत, आणि मी त्यातलाच एक होतो. माती परीक्षण केलं तेव्हा कळलं की माझ्या शेतात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आधीच भरपूर होतं आणि मी वर टाकतच होतो.

मला एवढंच विचारायचंय की नुसता शेतकरी दोषी का? तलावाच्या वरच्या अंगाला तीन गावांचं सांडपाणी येतं. त्याचं काय?

जुनी_परखनळी · ८ मे, दुपारी ३.००

तुमच्या प्रामाणिकपणाला नमस्कार. दोन्ही येतात, शेतही आणि मोरीही. कुठल्या तलावात कुणाचा वाटा जास्त, हे तलावागणिक बदलतं.

पण नेमकं काय जास्त झाल्याने पाणी हिरवं होतं, याचं उत्तर १९७३ साली मिळालं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २२६ क्रमांकाचं एक सरोवर आहे, मध्ये अरुंद. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्या अरुंद जागी पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात नत्र (नायट्रोजन) आणि कर्ब (कार्बन) टाकला. दुसऱ्यात नत्र, कर्ब आणि स्फुरद. स्फुरद टाकलेला भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून काढलेल्या फोटोत पडद्याची रेघ स्पष्ट दिसते. नत्राचाही परिणाम होतो, विशेषतः उथळ उष्ण तलावांत, पण गोड्या पाण्याची किल्ली बहुतेक वेळा स्फुरदाकडेच असते.

आता आपला हिशोब. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के स्फुरद लिहिलेलं असतं, ते ऑक्साइडच्या रूपात. शुद्ध फॉस्फरस काढला तर साधारण १० किलो. पाणी हिरवं व्हायला लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस पुरतो. म्हणजे एका गोणीतला सगळा फॉस्फरस पाण्यात उतरला तर ३३ कोटी लिटर पाणी, आपल्या पाटबंधाऱ्याच्या भाषेत दलघमीचा (दशलक्ष घनमीटरचा) एक तृतीयांश, हिरवं व्हायच्या पातळीला येतं. सुदैवाने सगळा उतरत नाही. स्फुरद मातीच्या कणाला घट्ट धरून राहतं. ते पाण्यात विरघळून कमी, मातीवर बसून जास्त जातं. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटून जी काळी माती नाल्याने येते, ती तुमची अर्धी गोणी घेऊन येते. त्यामुळे खत बंद करा असं मी म्हणणार नाही. माती शेतात राहिली तर स्फुरदही शेतातच राहतं. नाल्याकडेला पाच-सात हात गवताचा पट्टा ठेवा, बांध नीट राखा, खत पेरून द्या, पावसाच्या तोंडावर फोकू नका.

या सगळ्याला शास्त्रात सुपोषण म्हणतात. शब्द चांगला वाटतो, पण पाण्याचं सुपोषण म्हणजे पाण्याचा आजार. आणि तो लवकर जात नाही. वर्षानुवर्षं आलेलं स्फुरद तळाच्या गाळात साठलेलं असतं. उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला की गाळ ते परत पाण्यात सोडतो. आज सगळ्यांनी खत थांबवलं तरी पुढची काही वर्षं तलाव हिरवा होत राहील. म्हणून गाळ काढून शेतात नेणं हा खरा उपाय आहे, स्फुरद जिथून आलं तिथे परत जातं. फक्त तराफेवाले म्हणतात तसे उभे खड्डे ठेवू नका. उतार देऊन काढा.

धुणंवाली · ८ मे, रात्री ८.१५

मी कधी लिहीत नाही, आज लिहिते. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. गोधड्या, चादरी तलावावरच धुतो. साबणाचा फेस पाण्यात जातो हे मलाही दिसतं. पण मग आम्ही धुवायचं कुठे? पोळ्याला बैल तिथेच धुतात, गणपती तिथेच बुडवतात, आणि आम्हा बायकांना सांगतात पाणी घाण करू नका. परखनळी सर, हिरव्या पाण्यात हात घालून धुतलं तर काय होतं? गेल्या आठवड्यात माझ्या मनगटापर्यंत खाज होती.

जुनी_परखनळी · ८ मे, रात्री ९.३०

ताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही एकटीने द्यायचं नाही, गावाने द्यायचं आहे. काठापासून वर, पाणी जमिनीत मुरेल अशा जागी धुण्याचा ओटा आणि तलावातून तिथवर पाणी आणणारी एक मोटर. एवढं झालं तरी फेस तलावात जात नाही. तोवर थर असलेल्या काठाला धुवू नका. वारा येतो त्या बाजूला जा, तिथे पाणी मोकळं असतं. धुऊन झाल्यावर घरच्या पाण्याने हात धुवा. खाज त्या पाण्याने येऊ शकते, शंख-गोगलगायींमधून येणाऱ्या सूक्ष्म किड्यांनीही येते. चार दिवसांत गेली नाही तर दाखवा.

जनावरांनाही त्या थराच्या काठाला पाणी पाजू नका. कुत्रं पोहून आलं तर लगेच धुवा, ते अंग चाटतं आणि सगळा थर पोटात जातो.

रात्रपाळी_डॉक्टर · ९ मे, पहाटे ५.२०

ड्युटी संपताना वाचतोय. तीन गोष्टी सांगतो.

उलट्या-जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस द्या आणि डॉक्टरला 'तलावात पोहला होता, पाणी हिरवं होतं' हे स्वतःहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो. डोळे किंवा लघवी पिवळी झाली, मूल सुस्त पडलं, तर थांबू नका. पावसाळ्यात पोहून आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल झाले तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो. जनावरांच्या आणि उंदरांच्या लघवीतून तो पाण्यात येतो.

दुसरं, फार दुर्मीळ पण जीवघेणं. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. पिऊन काही होत नाही, नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. केरळमध्ये २०२४ पासून अमीबाच्या मेंदूज्वराचे बरेच रुग्ण आढळले. आपल्याकडे मे महिन्यात उथळ पाणी किती तापतं हे तुम्ही जाणता. घाबरू नका, पण उथळ कोमट पाण्यात सूर मारणं, नाकात पाणी जाईल अशा उड्या आणि तळाचा गाळ ढवळणं टाळा. नाक चिमटीत धरून उडी मारायची जुनी सवय चांगली होती.

तिसरं, बुडालेल्याला काढल्यावर. पालथं घालून पोट दाबू नका, उलटं धरून गरगर फिरवू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जातं. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवा, मान मागे, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, हे थांबू न देता. दुसऱ्याने १०८ लावायचा. आणि वाचवायला पाण्यात उडी मारू नका. दोर, बांबू, साडी, ट्यूब, रिकामा कॅन, जे हाती येईल ते फेका. एकाच्या मागे दुसरा गेलेला मी पाहिलाय, दोघं भाऊ होते.

आप्पा_चोपडेकर · ९ मे, सकाळी ९.१०

डॉक्टरसाहेब, शेवटची ओळ वाचून मी गप्प झालो. माझा म्हणायचा अर्थ पोरांनी पाणी सोडू नये एवढाच होता. तो अजूनही आहे. पण रेगडमाती, आमच्या वेळी शेवाळ होतं ते काठीला धाग्यासारखं यायचं, हे आठवलं. पेंटासारखं कधी आलं नाही. आणि आमच्या वेळी घरात संडास नव्हते, मोरीचं पाणी परसातल्या आळूत जायचं. गटार गावाबाहेर नेऊन नाल्यात सोडलं ते नंतर. तलाव त्याच नाल्याच्या तोंडाशी आहे.

रेगडमाती · ९ मे, सकाळी १०.००

आप्पा, हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खरंय, आळू आणि केळीचं बन परसात होतं तोवर मोरीचं पाणी तिथेच जिरायचं.

शाळेची_घंटा · ९ मे, दुपारी ४.४५

शिक्षिका आहे. पाणी पारखायचं एक साधन मुलांकडून करून घेता येईल. १८६५ मध्ये इटलीतल्या सेक्की या खगोलशास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्याचा पारदर्शकपणा मोजायला पांढरी तबकडी वापरली. तलावांसाठी ती २० सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चार खणांची करतात. स्टीलची जुनी ताटली, रंग, मधोमध भोक, खाली वजन, वर दोर आणि दोराला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. सावलीच्या बाजूने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती गाठ मोजायची. दोन मीटरच्या आत दिसेनाशी झाली तर तलाव सुपोषित समजतात, अर्ध्या मीटरच्या आत झाली तर फारच. चिखलाने गढूळ असेल तर हे मोजमाप शेवाळ सांगत नाही, पण सूर_मारणारी ताईंच्या नियमाला ते तसंही चालतं.

मुलांनी फक्त तराफ्यावर जायचं नाही. मोठ्यांनी मोजायचं, मुलांनी वहीत लिहायचं.

पाटाचं_पाणी · ९ मे, संध्याकाळी ६.३०

पाण्यात मोरचूद किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून मारून टाकता येत नाही का? आमच्याकडे एकाने सुचवलंय.

जुनी_परखनळी · ९ मे, रात्री ८.००

टाकू नका. पेशी एकदम मरतात आणि आतलं सगळं विष एकाच वेळी पाण्यात येतं. मासे मरतात ते वेगळंच, आणि मोरचुदातलं तांबं गाळात बसून राहतं. ज्या तलावाचं पाणी पितात तिथे तर कुणी हात लावू देऊ नका. पिण्याच्या पाण्याला तुरटीने पेशी न फुटता खाली बसतात, नंतर गाळण आणि क्लोरीन, हा क्रम बरोबर. कुणी आधीच क्लोरीन टाकत असेल तर त्याला थांबवा.

तराफेवाला · ११ मे, सकाळी ८.२०

रेगडमाती भाऊ काल फोनवर बोलले. ताटली माझ्या तराफ्यावरून सोडू, मी रोज पहाटे जातोच. माझ्याकडचे चार रिकामे वीस लिटरचे कॅन आणि साठ हात नायलॉनचा दोर काठावरच्या निंबाला बांधून ठेवतो. कुणी चोरलं तर परत बांधेन.

सूर_मारणारी · ११ मे, सकाळी ११.००

दोराच्या टोकाला कॅन आधीच बांधून ठेवा, तळाशी थोडं पाणी घालून. रिकामा कॅन वाऱ्यावर उडतो, फेकता येत नाही. आणि दोराचं दुसरं टोक झाडालाच बांधलेलं राहू द्या. पुढच्या रविवारी मी येते, पोरांना आणि मोठ्यांनाही फेकायला शिकवते. येताना गाळाच्या खड्ड्यांच्या कडेला रोवायला बांबू लागतील.

केळीबाग · ११ मे, दुपारी १२.१५

बांबू माझ्याकडून. केळीला टेकू दिलेले पडून आहेत, ट्रॉलीभर आणतो.

रेगडमाती · १४ मे, सकाळी ७.५०

पहिली नोंद. ताटली भाच्यानेच रंगवली, एक खण जरा वाकडा आला. वारा पडलेला होता, वेळ सकाळी सव्वासातची. तलावाच्या मध्यावर चौथ्या गाठीनंतर दिसेनाशी झाली, म्हणजे ४० सेंटिमीटर. पिचिंगच्या कोपऱ्यात पहिली गाठ बुडायच्या आधीच गेली. कटला तीन-चार ठिकाणी वर येत होता. बरणीतल्या पाण्याला रात्रीतून वर हिरवी साय आली आहे, फोटो सरांना पाठवलाय.

निंबाच्या झाडाला लाल कापड बांधलं. पोरं सायकली घेऊन आली होती, कापड बघून थांबली. त्यांना विहिरीवर घेऊन जातोय, वर दोर धरायला मी आणि आप्पांचा नातू आहोत.